मथुराआत्यानं मारलेली माणसं

माझे पप्पा आत्तापर्यंत पाच वेळा मेलेत.

थांबा, घाबरू नका! पप्पा ठणठणीत आहेत. मी हे टाइप करतेय तेव्हा ते पिंपळगाव बसवंतला दुकानाच्या ओट्यावर बसून कुणाला तरी ओरडत असतील. पाचही वेळा ते पुस्तकात मेलेत, आणि पाचही वेळा त्यांना मारलंय त्यांच्या सख्ख्या मोठ्या बहिणीनं, म्हणजे माझ्या मथुराआत्यानं. आत्या कादंबरीकार आहे. तिच्या प्रत्येक कादंबरीत एक भाऊ असतो, त्या भावाच्या नाकपुडीला लहानपणी टोचलेलं बारीक भोक असतं, आणि तो भाऊ मरतो. कादंबरीत त्याचं नाव दरवेळी वेगळं असतं, पण नाक तेच. आणि अख्ख्या पिंपळगावात असं नाक असलेला पुरुष एकच आहे.

पहिल्या कादंबरीत ते गोदावरीच्या पुरात वाहून गेले. दुसरीत उसाच्या फडात नाग चावला. तिसरीत चिंचेखाली उभे होते, वीज पडली. चौथीत हायवेवर टेम्पो उलटला. इथपर्यंत पप्पांची काही तक्रार नव्हती. पण पाचवीत आत्यानं त्यांना लग्नाच्या पंगतीत जिलबी घशात अडकून मारलं, तेव्हा मात्र ते बिघडले. पुस्तक घेऊन थेट नाशिक रोडला आत्याच्या फ्लॅटवर आले.

"अक्का, पूर ठीक हाय. वीज ठीक हाय. जिलबी?"

"का? लोक मरत नाहीत का जिलबीनं?"

"अगं, गिऱ्हाईकं विचारतात मला! धोंडूभाऊ, कितवी होती म्हणून."

"मग सांगायचं ना. पुस्तकात लिहिलंय, चौथी होती."

पप्पांचं नाव धोंडीराम. द्राक्षवाल्यांना ते क्रेट आणि खोकी पुरवतात. पुस्तकं वाचत नाहीत. आत्याची नवी कादंबरी आली की एवढंच विचारतात, "कितव्या पानावर?" तेवढं पान वाचतात, पुस्तक मिटतात आणि टीव्हीशेजारी मांडून ठेवतात. आणि गंमत म्हणजे, त्यानंतर ते एकदम बेफिकीर होतात! सापाचं पुस्तक आलं तसे शेतात अनवाणी फिरायला लागले. मम्मी ओरडली की म्हणायचे, "साप झालाय आपला." जिलबीच्या पुस्तकानंतर तर विचारू नका, प्रत्येक लग्नात ताटभर. "जिलबीनं आता मला काय होत नाय." मला वाटायचं, पप्पा जोक करतात.

आता आत्याबद्दल सांगते. मी दोन वर्षं तिच्याकडेच राहतेय. मला नाशिकमध्ये नोकरी लागली, आत्याचा फ्लॅट रिकामाच होता, आतोबा गेल्यापासून ती एकटी. तर मी राहायला आले आणि तिला आयती टायपिस्ट मिळाली. मी सुसाट टाइप करते हां. ऑफिसात माझ्या कीबोर्डच्या आवाजानं सगळे वैतागले म्हणून मला कोपऱ्यात बसवलंय. आत्या बोलते आणि मी टाइप करते. ती बसून नाही बोलत. खोलीभर फेऱ्या मारते, एक हात कानावर घट्ट दाबून. पहिल्या दिवशी मला वाटलं, कान दुखतोय. म्हटलं, "आत्या, ड्रॉप्स आणू का?"

"गप्प बस. लाइन तुटते."

मग कळलं. आत्या तरुणपणापासून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानावर तो हेडफोन, समोर बटणं आणि गावोगावचे ट्रंककॉल. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायचं, "टाइम झाला." त्याचा परिणाम असा की तिच्या कादंबरीतली माणसं कितीही प्रेमात असोत, कितीही भांडत असोत, तीन मिनिटांत आटपतात. प्रियकर येतो, मुख्य मुद्दा सांगतो, जातो. मी एकदा म्हटलं, "आत्या, जरा बोलू दे ना त्यांना. चंद्रबिंद्र काहीतरी."

"तीन मिनिटांत माणूस बोलतो तेच खरं. पुढचं सगळं हवापाणी."

आणि ती माणसं ओरडून बोलतात. मनातल्या मनात बोलली तरी शेवटी उद्गारचिन्ह असतं, कारण आत्याच्या डोक्यात ती सगळी कुठल्यातरी लांबच्या गावाहून बोलत असतात.

पण हे काहीच नाही. आत्याची खरी गंमत म्हणजे ती कशालाच चांगलं म्हणत नाही. कशालाच! बाल्कनीत मोगरा आहे, उन्हाळ्यात असा फुलतो की खालच्या मजल्यावरचे लोक मान वर करून बघतात. आत्या त्याला पाणी घालताना म्हणते, "मेलं झुडूप, नुसती जागा अडवतंय." नवा फ्रिज आणला तर पहिल्या दिवशी त्याच्या पांढऱ्याशुभ्र दारावर काजळाचा ठिपका. पोचवायला आलेला माणूस म्हणाला, "मावशी, डाग पडला वाटतं, बदलून आणतो." आत्या म्हणाली, "मीच पाडलाय. तुम्ही जा." एकदा वाचनालयात तिचा सत्कार होता. शाल दिली, नारळ दिला, चार लोकांनी भाषणात डोक्यावर घेतलं. मग आत्या उठली आणि म्हणाली, "पुस्तक बरंय. मध्ये मध्ये कंटाळा येतो. नमस्कार." बसली. मी तर खुर्चीत वितळले.

तिच्या पुस्तकांनाही तीट असते. म्हणजे पहिल्या पानावर ती मुद्दाम एक चूक करते. जिलबीच्या कादंबरीच्या वेळी प्रुफं तपासणाऱ्या बाईंचा फोन आला होता. मी स्पीकरवर टाकला.

"ताई, पहिल्याच पानावर कोजागरीची रात्र आहे."

"आहे."

"आणि काळाकुट्ट अंधार आहे."

"आहे."

"ताई, कोजागरीला पौर्णिमा असते."

"माहितीये मला. असू द्या. पहिल्या पानाला एक गालबोट पाहिजे."

बाईंनी फोन ठेवला. पुस्तक तसंच छापलं. अजून वाचकांचे फोन येतात, आणि प्रत्येकाला वाटतं की ही चूक जगात फक्त आपल्यालाच सापडली.

आणि मी? मला ती केरसुणी म्हणते. का तर मी बारीक आणि केस असे पसरलेले. "केरसुणे, ऊठ." "केरसुणीला भूक लागली वाटतं." मी कितीही वेगानं टाइप केलं तरी "हाताला काय आग लागलीय का?" ठीक आहे, आपलीच आत्या. पण एक गोष्ट मला मनातून लागायची. तिच्या पुस्तकात सगळे येतात. बिल्डिंगमधला इस्त्रीवाला आला, समोरच्यांची मांजर आली, आमची बंद पडणारी लिफ्टसुद्धा आली, दीड पान! माझा मात्र एक केसही नाही. एकदा मी विचारलंच, "आत्या, माझ्यावर कधी लिहिणार?"

तिनं कानावरचा हात काढला. माझ्याकडे बघितलं.

"तुझ्यात काय आहे लिहिण्यासारखं?" म्हणाली. "पुढे घे. नवा परिच्छेद."

तर आता सहावी कादंबरी.

आत्याचे जुने संपादक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक नवे आले. तरुण, फार गोड बोलणारे. त्यांनी पाचही कादंबऱ्या वाचून फोन केला आणि म्हणाले, "ताई, तुमची पुस्तकं मला फार आवडतात. फक्त एक विनंती. या वेळी भावाला जगवता येईल का? वाचकांना पहिल्या पानापासून माहिती असतं हो, की हा जाणार. नाकाचं वर्णन आलं की लोक हळहळायला लागतात."

मला वाटलं, आत्या त्यांना तीन मिनिटांच्या आत उडवणार. पण ती म्हणाली, "बघते." मला वाटतं तिलाही कुठेतरी ते बोचत असावं, की आपल्याला एकच गोष्ट येते. तिनं खरंच प्रयत्न केला. महिनाभर फेऱ्या मारल्या, दोनदा चष्मा हरवला, आणि शेवटचं प्रकरण सांगितलं. त्यात म्हातारा झालेला भाऊ आणि म्हातारी बहीण सायखेड्याच्या घाटावर बसून द्राक्षं खातात. बस. एवढंच. कुणी बुडत नाही, कुणाला काही चावत नाही. द्राक्षंसुद्धा घशात अडकत नाहीत! सायखेडा म्हणजे आत्याचं आणि पप्पांचं माहेर, म्हणजे पप्पांचं गाव, तुम्हाला कळलं. मी टाइप करताना इतकी खूश झाले की संपल्या संपल्या पप्पांना फोन लावला.

"पप्पा! या वेळी तुम्ही जिवंत आहात!"

पलीकडे पप्पांनी टीव्ही बंद केला.

"म्हणजे? शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत! द्राक्षं खाताय!"

"आजार-बिजार?"

"काही नाही!"

मला वाटलं होतं पप्पा उड्या मारतील. ते हळूच म्हणाले, "अक्काची तब्येत बरी हाय ना?"

पंधरा दिवसांत पप्पांच्या छातीत दुखायला लागलं.

सुरुवातीला त्यांना वाटलं ॲसिडिटी. मग जिना चढताना दम. मग नाशिकच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी केली आणि सांगितलं, बायपास करावी लागेल, थांबू नका. मम्मी, मी, पप्पा, सगळे एकदम लहान झालो. आत्याला सांगितलं तेव्हा ती मोगऱ्यासाठी नळाखाली भांडं भरत होती. भांडं भरून वाहायला लागलं तरी नळ बंद केला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही तिघी हॉस्पिटलात. पप्पांना हिरवा गाऊन घातलेला. सिस्टर दागिने-बिगिने तपासत होत्या.

"काका, नाकातली रिंग काढलीत ना?"

"लय वर्षं झाली, सिस्टर. भोक तेवढं राहिलंय."

मम्मी रडायला लागली. आत्या पुढे झाली आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं, एकदम खणखणीत आवाजात म्हणाली, "दळभद्री कुठला. जन्माचा धोंडा. ह्याला काय होतंय? दगडाला कधी काही होतं का?"

सिस्टर बघतच राहिल्या. पप्पा मात्र हसले. खरंच हसले. म्हणाले, "हां, अक्का." आणि त्यांना आत नेलं.

बाहेर बाकावर बसलो. शेजारी सटाण्याकडचा एक माणूस, त्याच्या तात्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन चालू होतं. समोर एक तरुण मुलगा, त्याची बायको वरच्या मजल्यावर बाळंतपणासाठी. तिच्यापाशी सासू होती आणि ह्याला खाली हाकललं होतं. मी मांडीवर लॅपटॉपची बॅग धरून बसलेले, कारण ऑफिसनं सुट्टी दिली होती पण पूर्ण दिली नव्हती. आत्या उठायची, बसायची. दाराकडे बघून पुटपुटायची, "गाढव. मूर्ख. ध्यान." मग अचानक माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काढ."

"काय?"

"तुझं मशिन. शेवटचं प्रकरण काढ. घाटावरचं."

मी काढलं. तिचा हात कानावर गेला.

"लिही. त्या हिवाळ्यात त्याच्या छातीत कळ आली."

माझी बोटं थांबली. आयुष्यात पहिल्यांदा थांबली असतील.

"आत्या, नको ना."

"लिही. त्याला आत नेलं. तो परत आला नाही."

"अक्का!" मम्मी ताडकन उठली. "काय अभद्र बोलता हो! माणूस आत टेबलावर हाय अन् तुम्ही त्याला मारताय? आजच्या दिवशी तरी!"

सटाण्याच्या माणसानं घाबरून पाण्याची बाटली पुढे केली. त्याला वाटलं, आमच्याकडे काहीतरी झालं.

आत्यानं हात काढला नाही कानावरचा. तशीच, भिंतीकडे तोंड करून बोलायला लागली. मला नाही, मम्मीला नाही, कुठल्यातरी लांबच्या गावाला बोलल्यासारखी.

"धोंड्याच्या आधी दोन झाले होते. एकाला आई राजा म्हणायची, एकाला सोन्या. सगळं सायखेडं म्हणायचं, काय गोड पोरं आहेत. दोघं वर्षाच्या आत गेले. मग हा झाला. तर आईनं त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर नेऊन ठेवला. शेजारच्या काकूनं उचलला आणि आईनं सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घेतला. म्हणजे आमचा नाहीच, विकतचा. नाक टोचलं. धोंड नाव ठेवलं. आई त्याला पाजताना शिव्या द्यायची. मेल्या, दगडा, कशाला आलास. मला वाटायचं, आईला हा आवडत नाही. म्हणून एकदा मीच त्याला राजा म्हटलं. लाडानं. तर आईनं माझं तोंड दाबलं आणि अशी रडली, अशी रडली..."

तिनं कानावरचा हात आणखी घट्ट दाबला.

"पण हा राहिला. मग मला दुसरं काय लिहिता येणार? जे व्हायला नको ते मी आधीच लिहून टाकते. एकदा झालं की झालं. पुन्हा कशाला होईल? पूर केला, साप केला, वीज केली, गाडी केली. काळजाचं राहिलं. त्या संपादकाचं ऐकलं आणि जगवलं मी ह्याला. घाटावर बसवून द्राक्षं खायला घातली. सगळ्यांना दिसेल असं." मग एकदम हळू आवाजात, ट्रंककॉलवर कधीच ऐकू येणार नाही इतक्या हळू, "ह्यांचं कधीच लिहिलं नव्हतं. वाटलं, एवढा धडधाकट माणूस, ह्यांना काय व्हायचंय."

ह्यांचं म्हणजे आतोबांचं.

तीन मिनिटंसुद्धा लागली नसतील तिला.

मी मम्मीकडे बघितलं. मम्मीनं पदरानं नाक पुसलं. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि मला कोपरानं ढोसलं.

"मग लिही की पटापटा! आत नेऊन किती वेळ झाला!"

आणि मी लिहिलं. देवा शपथ, एवढ्या वेगानं मी कधीच टाइप केलं नव्हतं. आत्या सांगतेय, मी हाणतेय, आणि मम्मी स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेली.

"शेवटी पाणी मागितलं का त्यांनी?" मम्मीनं विचारलं.

"मागितलं," आत्या म्हणाली.

"कोणी पाजलं?"

"बहिणीनं."

"बहिणीनं? बायको कुठं गेली होती?"

"कादंबरीत त्याला बायको नाहीये."

"मग आत्ता आणा!"

तीनशे पानांच्या कादंबरीत शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक बायको आली, तिनं पाणी पाजलं, आणि मम्मीचं समाधान झालं. तेवढ्यात शेजारचा सटाण्याचा माणूस सरकत सरकत जवळ आला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मावशी," तो ऑपरेशनच्या बंद दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "आमना तात्या बी मझार शे. त्यास्नी बी एक ओळ टाका ना."

"काय झालंय त्यांना?"

"गुडघा."

"गुडघ्यानं माणूस मरत नाही."

"नही मरस, पन टाका ना."

आत्यानं एक क्षण विचार केला. मग हात कानावर. "लिही. त्याच दिवशी त्याच दवाखान्यात एक तात्या गुडघा दुखून वारले."

तो माणूस इतका निवांत झाला! भिंतीला टेकून बसला. मग समोरचा तरुण मुलगा लाजत लाजत उठून आला. आत्या त्याला म्हणाली, "तिचं नाही लिहायचं. बाळंतिणीचं लिहीत नाहीत. बाळाचं नाव काय ठेवणार आहेस?"

"आरव ठरवलंय."

"कागदावर ठेव आरव. घरात हाक मारायला काहीतरी धोंड-दगड बघ."

त्यानं गंभीरपणे मान डोलावली. मला वाटतं, त्या घरात आज एक धोंडू रांगत असेल.

प्रकरण संपलं. मी सेव्ह केलं. मग आत्या म्हणाली, "परत सेव्ह कर." परत केलं. मग आम्ही बसलो. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आत्यानं माझं मनगट धरलं होतं आणि मला ते दुखत होतं, पण मी हलले नाही.

दार उघडलं. डॉक्टर मास्क खाली ओढत बाहेर आले.

"धोंडीराम यांचे नातेवाईक?"

आम्ही तिघी उभ्या राहिलो. सटाण्याचा माणूसही उभा राहिला. तो तरुणही.

"व्यवस्थित झालं," डॉक्टर म्हणाले. "काळजीचं कारण नाही."

मम्मीनं मला मिठी मारली, मधे लॅपटॉप असतानाच. मी रडत होते की हसत होते मलाच कळेना. इतकं हलकं वाटलं ना, जसं कुणीतरी छातीवरचा भरलेला क्रेट उचलला. सटाण्याच्या माणसानं डॉक्टरांचाच हात हातात घेतला आणि तात्यांचं विचारायचं विसरला. आत्या मात्र बाकावर बसली.

"गाढव," ती म्हणाली. "केवढा वेळ लावला."

दुसऱ्या दिवशी आयसीयूत एकेकीला पाच मिनिटं सोडलं. आत्याला माझ्यासोबत जाऊ दिलं, वय बघून. पप्पा नळ्यांमध्ये. ओठ सुकलेले. आत्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय ध्यान दिसतंय." आणि लगेच खिडकीकडे तोंड फिरवलं, जिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं, एक पाण्याची टाकी होती.

पप्पांनी डोळ्यानं मला जवळ बोलावलं. मी वाकले.

"लिहिलं का?" ते पुटपुटले.

म्हणजे त्यांना माहिती होतं! सगळं, कायमचं! पुस्तक मिटून टीव्हीशेजारी ठेवणारा हा माणूस! साप झालाय आपला, हे जोक नव्हतेच!

"लिहिलं," मी म्हटलं. "छातीत कळ येऊन. ऑपरेशनात."

"बरं झालं." त्यांनी डोळे मिटले. "हे एक राहिलं होतं."

आणि इतक्या शांत झोपले की मी मॉनिटरकडे दोनदा बघितलं.

संपादकांचा फोन मग महिन्याभरानं आला.

"ताई, आपलं ठरलं होतं ना, भाऊ जगणार?"

"ठरलं होतं."

"आणि ही बायको कुठून आली? आणि ताई, हे गुडघेवाले तात्या कोण?"

"दवाखाना आहे तो. तिथं येतात माणसं."

"पण एकाच परिच्छेदात दोन मृत्यू, ताई."

"हवं तर मागच्या पुस्तकातल्या कोजागरीला पौर्णिमा करते," आत्या म्हणाली. "पण दवाखान्याच्या पानाला हात लावायचा नाही."

पुस्तक आलं. पप्पांनी विचारलं, "कितव्या पानावर?" वाचलं. टीव्हीशेजारी ठेवलं. आता ते रोज सकाळी चालायला जातात, मम्मीपेक्षा पुढे, आणि चढावर मुद्दाम वेग वाढवतात. तेव्हा म्हणजे काय, आता पाच वेळा नाही, सहा वेळा झालं. वर मी पाच लिहिलंय ते तसंच राहू दे. पहिल्या ओळीला एक गालबोट.

आणि हे सगळं आजच का लिहितेय, तर ऐका. आज संध्याकाळी आत्यानं सातवी सुरू केली. मी लॅपटॉप घेऊन बसले, ती फेऱ्या मारायला लागली, हात कानावर. एक गाव, एक नदी, एक बाई. नेहमीचंच. मग ती म्हणाली, "नवा परिच्छेद. त्या बाईकडे तिची एक भाची राहायची. अंगानं बारीक, केस पसरलेले. तिची बोटं तिच्या डोक्यापेक्षा जोरात पळायची."

मी टाइप करत होते. बोटं जोरात पळत होती. मी वर बघितलं नाही.

"तिचा त्या घरात काही उपयोग नव्हता," आत्या म्हणाली. "पण ती आली की घरात आवाज यायचा."

ती खिडकीपाशी थांबली. मोगऱ्याकडे बघत होती. लाइन तुटली की काय असं वाटलं.

"मग एका श्रावणात," ती म्हणाली, "तिला विजेचा शॉक बसला. गेली बिचारी. पूर्णविराम."

मी पूर्णविराम दिला. सेव्ह केलं. परत सेव्ह केलं. आत्या म्हणाली, "काय बघतेस केरसुणे, जा, कुकर लाव." मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभी राहिले, आणि मला काय करू आणि काय नको असं झालं. मी पप्पांना फोन लावला.

"पप्पा! पप्पा, मी गेले!"

"काय?" ते दचकले. मग त्यांना कळलं. "अगं ए, ऐकलं का," ते मम्मीला ओरडले, "पोरगी गेली! अक्काच्या पुस्तकात!" मग एकदम जाणकार माणसाच्या आवाजात, "कशानं?"

"शॉक लागून."

"चांगलं हाय. जिलबीपेक्षा बरं."

मी हसले. ते नाही हसले.

"आता तुला काय होत नाय, बाळा," पप्पा म्हणाले.